काकांची शाळा, मामूंची शाळा

निजामाच्या राज्यात शुक्रवारी सुट्टी असायची. कोर्ट बंद, शाळा बंद, कचेऱ्या बंद. त्यामुळं औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी शुक्रवारी सकाळी वडलांच्या बैठकीत माणसं जमायची आणि जमली की एकच वाद निघायचा. विलायतेतल्या दोन जुन्या विद्यापीठांत थोर कोणतं?

औरंगाबादेत त्या काळी विलायतेला जाऊन शिकून आलेली माणसं फार थोडी. त्यांतली दोन आमच्या बैठकीत यायची. एक बॅरिस्टरकाका, वडलांचे कोर्टातले वडीलधारे स्नेही. दुसरे डॉक्टरमामू. हे खरं तर समोरच्या घरातल्या माझ्या मैत्रिणीचे सख्खे मामा. पण ती मामू म्हणायची म्हणून मीही म्हणायचे, आणि हळूहळू सगळी गल्लीच त्यांना मामू म्हणायला लागली. काका एका विद्यापीठात शिकले होते, मामू दुसऱ्यात. त्या विद्यापीठांची नावं जगाला पाठ आहेत, पण आमच्या घरात ती कुणी घेत नसे. आईनं त्यांचं केव्हाच बारसं करून टाकलं होतं: काकांची शाळा आणि मामूंची शाळा.

"आमच्याकडून राज्य चालवणारी माणसं बाहेर पडतात," काका म्हणायचे.

"हौ, बराबर आहे," मामू चहाची बशी फुंकत म्हणायचे. "आणि ती माणसं आजारी पडली, की आमच्याकडच्या डॉक्टराला बोलावतात."

झालं. मग कुणाकडचं ग्रंथालय मोठं, कुणाकडची नदी देखणी, कुणाच्या घंटेचा आवाज लांब जातो, असं करत करत उन्हं बैठकीच्या उंबऱ्याशी यायची. माझे वडील एरवी वकील, पण या बैठकीत ते न्यायाधीश व्हायचे. दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घ्यायचे, मिशीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "निकाल राखून ठेवला आहे."

काका आणि मामू खूश होऊन घरी जायचे, कारण निकाल लागला असता तर पुढच्या शुक्रवारी बोलायचं काय?

हे सगळं मजेचंच होतं. पण मी मॅट्रिकला आले आणि ही खोड माझ्या जिवावर उठली.

मला पुढं शिकायचं होतं. माझ्या मैत्रिणीलाही. आम्ही दोघी एकाच गल्लीत वाढलो, एकाच मुलींच्या शाळेत एकाच बाकावर बसलो. तिच्या घरात हिमरू कापडाचे माग चालायचे आणि आमच्या घरात वकिली, पण आमचा दिवस कुणाच्याही घरात सुरू होऊन कुणाच्याही घरात संपायचा. ती माझ्याशी मराठीत बोलायची, अगदी फर्डी, फक्त तिला 'ळ' म्हणता यायचा नाही. ती 'फल' खायची आणि 'डोले' मिटायची. माझी उर्दू शाळेतली, व्याकरणानं पक्की, पण तिच्यात मराठीचा ठसका असा असायचा की तिची अम्मी म्हणायची, ही पोरगी उर्दू बोलते का उखळात कांडते?

तिच्या अब्बांनी एके दिवशी सांगून टाकलं, "वकीलसाहेबांची मुलगी गेली तर तू पण जा. एकटी नक्को." म्हणजे तिची गाडी माझ्या वडलांच्या निर्णयावर येऊन थांबली. आणि माझे वडील नाही म्हणत नव्हते. तेच तर दुखणं होतं.

"शिकवणार," ते म्हणायचे. "मुलीला शिकवायचंच. पण पाठवायचं तर पहिल्या नंबरच्या ठिकाणी. आधी आपल्या इकडं पहिला नंबर कुणाचा ते ठरू दे."

आणि ते ठरेना. हैदराबादेत मुलींचं कॉलेज होतं. काका म्हणाले, ते कालचं पोर आहे आणि सगळं उर्दूतून. पुण्याचं नाव निघालं. मामू म्हणाले, तो इंग्रजी मुलूख, तिथं आपल्या पोरींना कोण बघणार? मुंबईचं नाव निघालं, तिथं आई आतून म्हणाली, "नाय, मुंबई नाय." एका शुक्रवारी हैदराबाद वर चढायचं, पुढच्या शुक्रवारी खाली घसरायचं. पुणं कधी दुसरं, कधी तिसरं. अलीगड आणि मद्रास तर उगीचच यादीत येऊन जायची. आमची दोघींची ओढ हैदराबादकडं. मी दाराआड उभी राहून ऐकायचे, आणि हैदराबाद वर गेलं की पळत समोरच्या घरी जाऊन सांगायचे. मग आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून गरगर फुगडी घालायचो. खाली आलं की दोघी मागाच्या खोलीत तोंड पाडून बसायचो. जवळजवळ अख्खं वर्ष आमचं असं वरखाली चाललं होतं.

एकदा आईचाही धीर सुटला. "अहो," ती वडलांना म्हणाली, "लेक शिकायला पाठवायचीय का शर्यतीला घोडं लावायचंय?"

वडलांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मुद्दा चांगला आहे," ते म्हणाले. "विचार करतो."

आमच्या शाळेच्या मुख्य बाईंना आम्ही बडी उस्तानी म्हणत असू. लखनौकडच्या, उंच, पांढरीशुभ्र साडी नेसणाऱ्या, आणि बोलायला लागल्या की भिंतीवरच्या घड्याळानंही जपून टिकटिक करावी असा दरारा. त्यांनी मला बोलावून विचारलं, "कॉलेजचा अर्ज पाठवायचा की नाही?"

मी म्हटलं, "वडलांनी निकाल राखून ठेवलाय."

त्यांना आधी समजेना. मग मी शुक्रवारची सगळी हकीकत सांगितली, काकांची शाळा, मामूंची शाळा, पुणं, मुंबई, सगळं. बडी उस्तानी हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळं मलाच घाबरल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. मग हा मुकदमा आपल्या शाळेत चालवू."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून आलं. वार्षिक समारंभात मुलींची वादसभा होणार. विषय, विलायतेतल्या दोन विद्यापीठांत श्रेष्ठ कोणतं? परीक्षक म्हणून तालीम खात्याचे मोहतमिमसाहेब, म्हणजे सगळ्या सुभ्यातल्या शाळा तपासणारे बडे अधिकारी, स्वतः येणार. पालकांना निमंत्रण. आणि बोलणाऱ्या मुली दोन. काकांच्या शाळेची बाजू माझी, मामूंच्या शाळेची माझ्या मैत्रिणीची.

आम्हाला दोघींना त्या विद्यापीठांविषयी काय माहीत होतं? घंटा आणि नदी. तेवढ्यावर भाषण होईना. मग ठरलं, ज्यांनी तिथं अन्न खाल्लंय त्यांनाच विचारायचं.

आधी काकांकडं गेलो. काका इतके हरखले की त्यांनी आम्हाला आरामखुर्चीत बसवलं आणि स्वतः उभे राहिले, कोर्टात राहतात तसे.

"काका, तुम्ही तिथं काय शिकलात?" मी विचारलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला. बराच वेळ छताकडं बघितलं. मग म्हणाले, "थंडी फार."

मैत्रिणीनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"म्हणजे बघा," काका पुढं सांगू लागले, "मी हिमरूची शेरवानी घालायचो आणि तिच्यावर त्यांचा तो काळा झगा. मी जिच्याकडं खोली घेऊन राहायचो ती म्हातारी बाई रोज उकडलेली कोबी द्यायची. मीठ नाही, मिरची नाही. एकदा मी खोलीतच स्टोव्हवर खिचडीला फोडणी दिली, तर ती आग लागली म्हणून रस्त्यावर ओरडत गेली. आणि एक हिरवळ होती. अशी हिरवळ तुम्ही जन्मात बघितली नसेल. तिच्यावर चालायला फक्त प्रोफेसरांना परवानगी. मी एकदा चाललो." त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "दंड झाला. पण चाललो."

"आणि मामूंची शाळा, काका?"

"छे! तिकडं दलदल. दमट हवा. डोकं चालत नाही माणसाचं."

आम्ही आभार मानून निघालो आणि तसाच टांगा करून गारखेड्याला गेलो. गारखेडा तेव्हा शहराबाहेरचं खेडं, आणि तिथं मामूंची पेरूची बाग होती. दवाखाना आटोपला की ते तिथंच असायचे. आम्ही गेलो तेव्हा ते झाडाखाली बाज टाकून बसले होते. भाचीनं विचारलं, "मामू, तुम्ही तिथं काय शिकलात?"

मामूंनी हातातला पेरू खाली ठेवला. विचारात पडले. मग म्हणाले, "बेटा, थंडी भोत होती."

मी तिच्याकडं बघितलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"घरमालकीण म्हातारी रोज काय द्यायची माहिताय? उकडलेली कोबी. मी एक रोज अंडी भुर्जी केली, लाल मिरची टाकून, तर बाई खोकून खोकून बेजार. पोलीस बोलावते म्हणाली. आणि तिथं एक गवत होतं, मखमलीसारखं..."

"त्याच्यावर फक्त प्रोफेसर चालायचे?" मी विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?" मामू चकित. "हौ! मी एक बार चाललो. चप्पल काढून चाललो."

"आणि काकांची शाळा?"

"अरे, तिकडं दमट हवा. दिमाग चालत नाही."

तोपर्यंत मैत्रिणीनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं. तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मामू, तिथं मुली होत्या शिकायला?"

"होत्या ना. मागं बसायच्या. आमच्यापेक्षा हुशार होत्या काही काही."

"मग त्यांना पदवी मिळाली?"

मामू पेरूकडं बघत म्हणाले, "नाही. इम्तिहान द्यायच्या, पास व्हायच्या. आमच्या जमान्यात मुलींना डिग्री नव्हती देत."

"आणि काकांच्या शाळेत?"

"तिथंही तेच तेव्हा. विचार त्याला." मग म्हणाले, "माझ्या शेजारच्या मेजावर एक मुलगी बेडूक फाडायची. माझं चुकलं की चुपचाप सांगायची. मी डॉक्टर झालो." ते एवढंच म्हणाले आणि आम्हाला पेरू पाडून द्यायला उठले.

परत येताना टांग्यात आम्ही एकेक पेरू खाल्ला. मग ती म्हणाली, "चप्पल काढून चाललो." मग मी म्हणाले, "दंड झाला, पण चाललो." आणि आम्हाला जे हसू फुटलं, ते थांबेना. पोटात कळा यायला लागल्या. पडद्याआडून असले आवाज ऐकून टांगेवाल्यानं घोडा थांबवला आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "बेटी, दवाखान्यात न्यू काय?" दवाखाना मामूंचाच होता, ते आठवून आम्ही आणखी हसलो.

वादसभेच्या दिवशी शाळेच्या दिवाणखान्यात मधोमध बांबूच्या काड्यांची चीक, म्हणजे पडदा, सोडली होती. चिकेच्या पलीकडं खुर्च्यांवर पुरुष मंडळी, अलीकडं आम्ही मुली, आया, मावश्या. आम्हाला पलीकडचे सगळे दिसत होते. त्यांना आमचे फक्त आवाज. पहिल्या रांगेत मोहतमिमसाहेब, उंच तुर्की टोपी, हातात घड्याळ. त्यांच्या डाव्या हाताला काका, उजव्या हाताला मामू. माझे वडील आणि मैत्रिणीचे अब्बा त्यांच्या मागं. काकांनी कोटाला गुलाब लावला होता. ते बघून मामूंनी आयत्या वेळी बाहेर जाऊन कुठूनसा झेंडू आणून लावला.

पहिली मी बोलले. उर्दूत, ठसक्यात, कांडून कांडून. काकांच्या शाळेची घंटा, काकांच्या शाळेतून निघालेले राज्यकर्ते, आणि ती हिरवळ, जिच्यावर पाऊल टाकायला आधी विद्वान व्हावं लागतं. 'हिरवळीवर' आल्यावर मी पलीकडं नजर टाकली. काका डोळे मिटून मान डोलवत होते, आणि खाली त्यांचे बूट, चालल्यासारखे, हळूहळू हलत होते.

माझ्या मैत्रिणीनंही ते बघितलं. आणि ती संपली.

तिचं नाव पुकारलं तेव्हा ती सतरंजीवर आडवी झाली होती, तोंडात ओढणी, डोळ्यांतून पाणी. मी तिला उठवलं, ती उभी राहिली, "जनाबे सदर" म्हणाली, पलीकडं बूट दिसले, परत खाली बसली. मोहतमिमसाहेबांनी घड्याळ बघितलं. मामू खुर्चीतून पुढं झुकले, त्यांचा चेहरा बघवेना.

मी बडी उस्तानीकडं बघितलं. त्यांनी एकदा खाली लोळणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हनुवटी जराशी वर केली. बोल.

तिचा आवाज मला जन्मापासून पाठ होता. मी नाकातून, भरभर, तिच्या दखनी लयीत सुरुवात केली. "जनाबे सदर, माझ्या बहिणीनं आत्ता जे सांगितलं ते ऐकून मला तिच्यावर दया आली." पलीकडं हशा. मामू खुर्चीत ताठ झाले. खाली सतरंजीवर माझी मैत्रीण ओढणीतून "या अल्ला" म्हणाली. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मला मजा यायला लागली. माझ्या पहिल्या भाषणातली भोकं माझ्याशिवाय कुणाला चांगली माहीत होती? घंटेचं म्हणाल, तर घंटा वाजवून शहाणपण येत असतं तर स्टेशनवरचा हमाल सगळ्यांत शहाणा. राज्यकर्त्यांचं म्हणाल, तर आधी त्यांनी राज्य कसं चालवलं ते सांगा. टाळ्या. मामू काकांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "ऐका, ऐका! भाची कुणाची?"

मग उत्तराची फेरी. मी पुन्हा माझ्या आवाजात उठले आणि स्वतःलाच फाडून काढलं. मग तिच्या आवाजात. मग माझ्या. वडलांचा आवाज आला, "आमची जरा कमी पडतेय." ते ऐकून मी स्वतःच्या बाजूनं चिडले आणि आणखी जोरात बोलले. मग तिच्या बाजूनं त्याहून जोरात. मला दम लागला होता, घाम आला होता, दोन्ही शाळा माझ्या डोक्यात गरगरत होत्या, आणि त्या भरात तिच्या आवाजात माझ्या तोंडून अस्सल मराठी निघून गेलं: "आमच्याकडं पण हिरवळ आहे!"

पलीकडं मामूंनी एकदम हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "ही आमची मुलगी नाही. आमच्या सात पिढ्यांत सगळे 'हिरवल'च म्हणत आले."

मोहतमिमसाहेबांनी टोपी सारखी केली आणि चिकेकडं बघत विचारलं, "पलीकडं बोलणाऱ्या मुली आहेत तरी किती?"

सतरंजीवरून माझी मैत्रीण उठली. तिचं हसणं आता उचकीवर आलं होतं. ती म्हणाली, "साहेब, मुली दोन. हिक्. बोलणारी एक."

असा हशा मी त्या शाळेत आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. अब्बा तर पगडी सावरत उभेच राहिले. मोहतमिमसाहेबांनाही तोंडावर रुमाल धरावा लागला. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "मुली, तू दोन्हीकडून इतकं बोललीस. आता एकदा स्वतःकडून सांग. श्रेष्ठ कोणती?"

त्याची मी तयारी केली नव्हती. मी आहे तेच सांगितलं. म्हटलं, "साहेब, आम्ही दोन्हीकडं शिकलेल्या माणसांना विचारलं. दोन्हीकडं थंडी आहे, दोन्हीकडं कोबी आहे, दोन्हीकडं हवा दमट आहे असं समोरचा म्हणतो. आणि दोघांच्याही वेळेला मुलींनी परीक्षा दिली तरी पदवी देत नव्हते. मग आम्ही पहिला-दुसरा नंबर कशावरून लावायचा? हैदराबादचं कॉलेज काल निघालंय, तिथं काय शिकवतात ते आम्हाला माहीत नाही. पण तिथं आम्हाला घेतात आणि पदवी देतात. वडील म्हणतात पहिल्या नंबरच्या ठिकाणी पाठवीन. मला तर तिकडं दार उघडं दिसतंय, बाकीचं तिथं जाऊन बघेन."

काकांनी मामूंकडं बघितलं. "आमच्या इकडं होत्या तशा मुली," ते हळू आवाजात म्हणाले. "पदवी नव्हती, हे खरं." मामूंनी मान हलवली. इतक्या वर्षांत एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं ते त्या दिवशी.

आणि तेवढ्यात बडी उस्तानी चिकेजवळ गेल्या. त्यांचा आवाज पलीकडं गेला तसे सगळे सरसावून बसले. "वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "सबंध शाळा ऐकते आहे. मुलीला कुठं पाठवताय?"

माझे वडील उभे राहिले. सवयीनं त्यांनी कोट ओढून सारखा केला, मोहतमिमसाहेबांकडं तोंड केलं आणि म्हणाले, "हुजूर, या बाबतीत मला थोडी मुदत मिळावी."

मोहतमिमसाहेब क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "मुदत नामंजूर."

चिकेच्या अलीकडून, बायकांच्या घोळक्यातून, माझ्या आईचा आवाज आला, "बरं झालं!"

वडलांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग हात खाली घेतला. "हैदराबाद," ते म्हणाले.

"तर आमची पण!" अब्बा म्हणाले, आणि दिवाणखान्यात टाळ्या पडल्या. मी आणि माझी मैत्रीण चिकेच्या मागं, मुख्य बाईंसमोर, सगळ्या आयांसमोर फुगडी घालत सुटलो, आणि बडी उस्तानी आम्हाला ओरडल्या नाहीत. त्या सगळ्या गडबडीत मोहतमिमसाहेब बक्षीस द्यायचंच विसरून गेले. ते कुणाचं होतं हे आजवर ठरलेलं नाही.

वडलांनी शब्द फिरवला नाही. मात्र त्यांचा स्वभाव गेला नाही तो नाहीच. पुढच्या शुक्रवारी बैठकीत विषय निघाला की हैदराबादला जाणारी सकाळची गाडी चांगली का संध्याकाळची. काका सकाळच्या बाजूनं, मामू संध्याकाळच्या. आईनं ट्रंक भरून उंबऱ्यात आणून ठेवली आणि म्हणाली, "जी आधी येईल ती."

जून महिन्यात आम्ही निघालो. बायकांच्या डब्यात मी, मैत्रीण, आणि सोबतीला तिची एक आत्या, जी जालना यायच्या आतच झोपी गेली. स्टेशनवर अब्बांनी आम्हा दोघींना हिमरूची एकेक शाल दिली; मामूंनी पेरू नव्हते म्हणून आंबे आणले होते; काकांनी फक्त "वाच भरपूर" म्हटलं आणि तोंड फिरवलं. वडील खिडकीपाशी उभे होते. गाडी हलली तसे ते दोन पावलं बरोबर चालले आणि म्हणाले, "तिकडं गेल्यावर कळव, कसं आहे ते." मी म्हटलं, "कळवते." मग तेच म्हणाले, "कसंही असलं तरी राहा."

आई रडत नव्हती. ती पदर तोंडाशी धरून हसत होती, असं मला वाटलं. नंतर तिनं सांगितलं, दोन्ही करत होते.

कॉलेज कसं होतं? काही गोष्टी छान, काही नाही. गणिताचे मास्तर फळ्याशी बोलायचे, वर्गाशी नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाई अशा होत्या की तास संपला तरी आम्ही उठायचो नाही. प्रयोगशाळेत सामान अपुरं, पण माझी मैत्रीण तिथून संध्याकाळपर्यंत हलायची नाही. पुढं ती डॉक्टर झाली, मी शाळेत शिकवायला लागले. याहून बऱ्या ठिकाणी गेलो असतो तर याहून बऱ्या झालो असतो का, ते मला सांगता यायचं नाही. तसं करून बघायला दुसरा जन्म नव्हता.

पण पहिला दिवस मला नीट आठवतो. वसतिगृहातून वर्गाकडं जाताना आम्ही वाट चुकलो. एका अंगणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून स्वयंपाकघरात, तिथून कुणीतरी बोट दाखवलं त्या जिन्यानं वर. घाईत मैत्रिणीनं एक चप्पल माझी घातली होती आणि मी एक तिची. वर्गाच्या दारात पोचलो तेव्हा दोघींनाही दम लागला होता. आत वीस-पंचवीस मुली वळून बघायला लागल्या. कुणी वरंगळच्या, कुणी गुलबर्ग्याच्या, निरनिराळ्या भाषांत कुजबुजणाऱ्या.

बाईंनी विचारलं, "कुठून आलात?"

"औरंगाबाद!" आम्ही दोघी इतक्या मोठ्यानं एकदम ओरडलो की सगळा वर्ग खो खो हसला, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. खिडकीजवळच्या बाकावरची एक सावळी मुलगी सरकली. तिनं तेलुगूत काहीतरी म्हटलं, ते आम्हाला समजलं नाही, पण तिनं बाकावर हात आपटून जागा दाखवली, आणि आम्ही दोघी तिच्या शेजारी जाऊन बसलो.